तारखांच्या शेपट्या

सात तारखेला या शहरात जवळजवळ कोणी जन्मलेलंच नाही, असं कर्नलने मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडात चहा होता. तो मी कसाबसा गिळला.

कर्नल म्हणजे आमची टीम लीड. वय अठ्ठावीस, चण बारीक, आवाज परेडचा. मी बावन्नाचा असून तिच्या हाताखाली काम करतो आणि मजेत करतो. ती खुशीत असली की मला काका म्हणते, चिडली की सर. त्या दिवशी सकाळपासून काका चालू होतं.

काम होतं एका जुन्या प्रसूतिगृहाचं. चाळीस हजार जन्मांची कार्डं. मूळ वही वरची टाकी फुटून भिजली आणि तिचा लगदा झाला. उरली ती ही कार्डं, कार्बनखालची. आधी बाहेरच्या लोकांनी कार्ड बघून दिसेल तसं कॉम्प्युटरवर टाईप केलं होतं. आम्ही त्या ओळी वाचून नव्या सिस्टिममध्ये भरायच्या होत्या, म्हणजे माणसाला आपला जन्मदाखला खिडकीवर उभं न राहता मिळेल.

वाचणार होती जावा. म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, सासरच्या जावा नव्हेत. त्यांना तर काहीही वाचता येतं, अगदी चेहरासुद्धा. आमच्या जावेचं तसं नाही. तिला 3 March म्हटलं की कळतं, आणि कार्डावर सगळीकडे 3rd March. आकड्यामागे ती दोन अक्षरं दिसली की ही बया अडून बसते आणि सगळं काम खाली ठेवते. कर्नलने काय केलं, एक ओळ लिहिली: आकड्याला चिकटलेली शेपटी दिसली की उडवा. चाळीस हजार शेपट्या उडाल्या, चाळीस हजार तारखा आत गेल्या, एकही परत आली नाही. कर्नलने सगळ्यांना बिस्किटं वाटली.

मग तिला हौस आली. हे काम तपासणाऱ्या कमिटीपुढे दाखवायला म्हणून तिने आलेख काढला, महिन्याच्या कुठल्या तारखेला किती जन्म. एकला उंच मनोरा. एकवीसला मनोरा. सातला आणि सत्तावीसला जवळपास मैदान, पोरांनी क्रिकेट खेळावं असं.

ती म्हणाली, "काका, हसताय काय?"

"तू शेपट्या कापल्यास ना," मी म्हटलं, "साक्षीदार मारलेस बघ सगळे."

आणि मग जे मी त्या ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं. या कार्डांतली बरीचशी मीच टाईप केलेली आहेत.

एकविसाव्या वर्षी मी त्या प्रसूतिगृहात टायपिस्ट म्हणून लागलो. आमची खोली प्रसूतीच्या खोलीच्या बरोबर खाली. तीन टेबलं, एक पंखा, भिंतीभर कार्डांचं लाकडी कपाट. वर मूल रडलं की आम्ही कागदांत कार्बन घालून तयार राहायचो. थोड्या वेळाने खिडकीबाहेर दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा खाली यायचा, त्यात नर्सची चिठ्ठी: आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, वेळ. आम्ही टाईप करायचं, चिठ्ठी डब्यात परत, दोरीला हिसका, डबा वर. एकदा मी माझी चिठ्ठी पाठवली होती: मुलगा, वजन सत्तर किलो, मिशा आहेत, चहा मागतोय. नर्सने खरंच चहा पाठवला, डब्यात, कपाशिवाय.

कार्बनचा वास मला अजून येतो, कुठेही, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. बोटं जांभळी, शर्टाची बाही जांभळी. आई म्हणायची, तू नोकरीला जातोस की रंगकामाला.

खोलीची मालकीण अक्का. ती कोणाचीच अक्का नव्हती, पण तिच्यापेक्षा मोठे डॉक्टरसुद्धा तिला अक्का म्हणायचे, आणि दारावर टकटक करून आत यायचे. अक्काचं मशीन तिच्याइतकंच जुनं. त्याला एकचं बटण नव्हतं. त्या काळच्या बऱ्याच मशीनांना नसायचं. इंग्रजी लहान एल मारायचा, तोच एक. आणि तिच्या साताचा माथा झिजलेला होता. वरच्या कागदावर जरा तरी दिसायचा, पण कार्बनखाली सात उतरायचा तो थेट बोडका, एकासारखा उभा. दुरुस्तीवाला तीनदा आला, तीनदा मान हलवून गेला. तो सुटा भाग आता मिळत नाही म्हणाला.

म्हणून अक्काचा कायदा: तारखेला शेपटी पाहिजेच. एकाची शेपटी st, साताची th. कार्डावर एक दिसतोय पण मागे th आहे, म्हणजे तो एक नाहीच, टोपी हरवलेला सात आहे. एकवीस-सत्तावीसचं तेच. अकरा आणि सतरा या दोघांची शेपटी मात्र सारखी, तर तिथे अक्का सतराच्या डोक्यावर पेन्सिलीने टोपी काढायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, "आकडा फसवेल. शेपटी नाही फसवणार."

कर्नलने हे सगळं ऐकलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मी तिची एक ओळ पुसली. जावाला एक सोय आहे, महिन्याच्या दिवसांची यादी आपली आपण देता येते. मी एकतीस नोंदींची यादी लिहिली: 1st, 2nd, 3rd, 4th, अशी पार 31st पर्यंत. या यादीत जे नाव आहे तेच आत, बाकीच्यांनी दारात उभं राहायचं. चालवलं. दोन हजार एकोणसत्तर दारात राहिले.

त्यातले दोन हजार तीस तर ओळखीचेच निघाले: 1th आणि 21th. अक्काचे बोडके सात. त्यांना टोप्या घातल्या, आलेख सरळ झाला, सात तारखेला लोक जन्मू लागले. कर्नल म्हणाली, "काका, कमाल आहे तुमची." हे वाक्य फार टिकलं नाही.

कारण उरले एकोणचाळीस. 2th. 3st. 12nd. 22rd. 30nd.

"हा कोण गाढव?" कर्नलने विचारलं.

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

कमिटीचे साहेब म्हणजे खिशाला दोन पेनं आणि डोक्यात एक मत. माणूस वाईट नाही, पण जपून चालणारा. त्यांचं म्हणणं असं की एकोणचाळीस चुका दिसतायत, म्हणजे न दिसणाऱ्या किती असतील? 12nd म्हणजे बारा, की दोन, की बावीस? ज्यावर भरवसा नाही ते भरू नका. महिना आणि वर्ष ठेवा, दिवस सगळ्यांचाच गाळा. चाळीस हजार माणसं, आणि वाढदिवस कोणालाच नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, मार्चमध्ये कधीतरी.

एकच वाट त्यांनी ठेवली. ज्याने ती कार्डं टाईप केली त्याने प्रत्येक कार्डासाठी सहीनिशी लिहून द्यायचं: खरी तारीख कोणती, चूक कशामुळे झाली. आणि त्यावर तेव्हाच्या खोलीप्रमुखाची सही. शुक्रवारपर्यंत. कर्नल बाहेर येऊन म्हणाली की झालं, तीस वर्षांपूर्वीचा तुमच्या खोलीतला तो गाढव आता कुठून आणायचा, आणि तो जिवंत तरी असेल का.

"आहे," मी म्हटलं. "तब्येतीने बरा आहे. जिना चढताना थोडा दमतो."

कर्नलने हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "सर."

आता खरं सांगायचं तर तो खेळ होता. अक्का रोज चार वाजता दिवसाची कार्डं घेऊन बसायची, हातात लाकडी पट्टी, एकेक ओळ पट्टीखालून जायची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळं प्रसूतिगृह म्हणायचं. मला असं कोणी म्हटलं की हात शिवशिवतात. महिन्यातून तीन-चारदा मी एखाद्या तारखेला चुकीची शेपटी लावायचो आणि कार्ड गठ्ठ्यात मधोमध सरकवायचो. ती पकडायची. कार्ड उचलून माझ्या टेबलावर ठेवायची, तोंडातून शब्द नाही, मी परत टाईप करायचं. तिने पकडलं तर एक गुण तिला, नाही पकडलं तर मला. हिशेब फक्त माझ्या डोक्यात. चार वर्षांत पाच-सहा वेळा मी जिंकलो असेन असं मला वाटत होतं. आणि आता समोर एकोणचाळीस. पहिल्यांदा तर मला गुदगुल्याच झाल्या, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे एकोणचाळीस लोकांच्या जन्माशी खेळलास, वर हसतोस. मग मी हसायचा थांबलो.

एक नियम मात्र मी पाळला होता. आकड्याला हात लावायचा नाही. आकडा कायम खरा, खोडी फक्त शेपटीत, आणि एक-एकवीसला th कधीच नाही, ती अक्काच्या साताची शेपटी. आणि माझं मशीन नवं होतं, त्याला एकचं वेगळं बटण होतं, सातही टोपीसकट. म्हणजे माझ्या मशीनवरच्या कार्डाचा आकडा डोळे झाकून घ्यावा. तेव्हा मी एकोणचाळीस कार्डांचे फोटो मोठे करून छापले आणि भिंग लावून बसलो. अडतीस माझ्या मशीनवरचीच. एकोणचाळिसावं नव्हतं. त्यावर 11st होतं, आणि दोन्ही एक म्हणजे इंग्रजी लहान एल. अक्काचं मशीन.

त्या मशीनला अक्काशिवाय कोणी हात लावत नसे. आणि अकरा घ्या नाहीतर सतरा, त्यांना st लागत नाही. म्हणजे अक्का चुकली होती. अक्का.

इथे माझी पंचाईत झाली. निरोप समारंभात अक्का एकच वाक्य बोलली होती असं मी लोकांकडून ऐकलं होतं: माझ्या कपाटातून चुकीचं कार्ड बाहेर गेलेलं नाही. आता मी जाऊन तिला अडतीस दाखवायची, आणि वर हे एक तिचं स्वतःचं? अडतीस तर टळत नव्हती, सही तिचीच लागणार होती. पण हे एकोणचाळिसावं मी माझ्या नावावर लिहून टाकलं. खरी तारीख अकरा, चूक कशामुळे: खोडसाळपणा. अडतीसांत एक वाढलं तर कोणाला कळतंय. अकरा की आणखी काही, हे मलाही माहीत नव्हतं, पण विचार केला, त्या बाळाचा एखादा दिवस इकडे की तिकडे.

गुरुवारी सकाळी कर्नलला घेऊन अक्काकडे गेलो. ती म्हणाली मी साक्षीदार म्हणून येते, पण मला वाटतं तिला माझी फजिती बघायची होती. अक्काच्या पुतण्याची बायको दार उघडायला आली. अक्का आत खिडकीशी खुर्चीत बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची, आधीच बारीक, आता तर खुर्चीच मोठी वाटत होती. मला बघून तिने चष्मा वर केला, खाली केला.

"पोट सुटलं तुझं," ती म्हणाली.

मी पाया पडलो. मग सगळं सांगितलं, टाकी फुटण्यापासून साहेबांच्या दोन पेनांपर्यंत. खेळाचंही सांगितलं. हे सांगताना मी जमिनीकडे बघत होतो आणि कर्नल माझ्याकडे. शेवटी अक्काने इतकंच विचारलं की दिवस गाळला तर लोकांना काय लिहून देणार. कर्नलने सांगितलं, महिना आणि वर्ष. अक्काने हात पुढे केला. आण इकडे.

एकेक कागद बघायला तिने जी सुरुवात केली ती अर्ध्या तासानेही संपेना. प्रत्येक कार्ड ती डोळ्यांजवळ नेई, आईचं नाव पुटपुटे, मग सही करी. मध्येच थांबून म्हणे, ही ती, जिचा नवरा जिन्यात चक्कर येऊन पडला होता. ही ती, जिने बाळाचं नाव ठरायच्या आत तीन वेळा बदललं. खोडसाळपणा हा शब्द मी प्रत्येक कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला होता. नवव्या कागदावर ती म्हणाली की मधला ळ तू अजून उलटा काढतोस. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. हसलीही नव्हती. पुतण्याच्या बायकोने चहा आणला, तो तसाच राहिला, त्यावर साय धरली.

तो कागद गठ्ठ्याच्या मध्ये होता. मीच ठेवला होता मध्ये. अक्काने तो उचलला, आणि या वेळी डोळ्यांजवळ नेलाच नाही. बाजूला काढून मांडीवर ठेवला आणि पुढच्या कागदांवर सह्या करत राहिली. सगळे संपल्यावर पेनाला टोपण लावलं.

"हे तुझं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, अक्का, माझंच आहे, एकदा तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा तुमच्या मशीनवर मारलं होतं. खोटं मी चांगलं बोलतो. कर्नलनेही मान हलवली असती, इतकं चांगलं.

"मी जेवायला कधी जायचे रे? तिथेच डबा उघडायचे." मग कर्नलकडे वळली. "याच्यावर अकरा लिहिलंय याने. अकरा नाही. एकवीस आहे."

कर्नलने जरा चाचरत विचारलं की आजी, एवढ्या वर्षांनी तुम्हाला कसं आठवतं? कमिटी विचारेल म्हणून.

अक्का खिडकीकडे बघत होती. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे करत होतं.

"हा वीस तारखेला गेला," ती म्हणाली. "कॉम्प्युटरच्या नोकरीवर. वीसला दुपारी निरोप दिला, संध्याकाळी मशीनवर कापड घालून गेला. दुसऱ्या दिवशी वरून पहिली चिठ्ठी आली, ती ही. मी टाईप केली. चारला पट्टी घेऊन बसले, तर गठ्ठ्यात याचं एकही कार्ड नाही. दोनच्या जागी एक पडलाय हे दिसलं मला. दिसलं नाही असं नाही."

मी समोरच्या गठ्ठ्याचे कोपरे जुळवत बसलो.

"मग परत का नाही टाईप केलंत?" कर्नलने विचारलं.

"तेच तर," अक्का म्हणाली. "ठेवून दिलं तसंच. बघू म्हटलं, कोण पकडतंय. कोणी नव्हतंच पकडायला."

माझ्या नव्या नोकरीचा पहिला दिवस एकवीस हे मला पक्कं आठवतं. नवा शर्ट घातला होता, बाही पांढरीशुभ्र, आणि दिवसभर मला कसंतरीच होत होतं, शेजारी कोणी बसलेलं नसल्यासारखं. हे मी अक्काला सांगणार होतो. पण तिने कोरा कागद मागितला. या कार्डाचा कागद तिच्या नावाने हवा, टाईप तिने केलं होतं. तिचा हात आता थरथरतो, म्हणून लिहायला मी बसलो. आईचं नाव लिहिलं. खरी तारीख: एकवीस. मग पुढचा रकाना आला, चूक कशामुळे झाली. काय लिहू म्हणून मी विचारलं.

"लक्ष नव्हतं," अक्का म्हणाली. "एवढंच लिही. शेवटचं अक्षर नीट काढ."

शुक्रवारी साहेबांनी एकोणचाळीस कागद चाळले. अडतीस वेळा खोडसाळपणा वाचताना त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली, आणि त्यांनी कर्नलला विचारलं की हा माणूस सध्या कुठे कामाला आहे. कर्नलने सांगितलं, सर, देवाच्या दयेने रिटायर होईल लवकरच. एकोणचाळिसाव्या कागदावर ते थांबले. खोलीप्रमुखाने स्वतःच्या हाताखालच्या नोंदीत स्वतःची चूक लिहून दिलीय हे त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, असं लिहून देणारी माणसं असतील तर कपाटावर भरवसा ठेवायला हरकत नाही. दिवस राहू द्या.

मी अडतीस आकड्यांच्या शेपट्या नीट केल्या, एकविसाचा दोन परत जागेवर बसवला, आणि जावेला परत दारात उभं केलं. चाळीस हजार आत गेले. बाहेर कोणी नाही.

लगेच अक्काला फोन केला. पुतण्याच्या बायकोने तिच्या कानाला लावला. मी सांगितलं, काम झालं, एकाचाही दिवस गेला नाही. मग तिने विचारलं की ती एकवीसची, मुलगीच ना? मी कार्ड बघितलं. हो म्हटलं, मुलगी, अडीच किलो. सत्तावीस पूर्ण होईल आता.

"मग ठीक झालं," अक्का म्हणाली. "नाहीतर उगाच दहा दिवसांनी म्हातारी झाली असती पोर."